छोटे इंग्रजी शब्द, ढीगभर अर्थ: नेमका अर्थ कसा ओळखायचा आणि लक्षात कसा ठेवायचा

इंग्रजी वाचताना कुठे अडतं असं कोणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं, अवघड शब्द येतात म्हणून. पण खरं बघितलं तर अवघड शब्द फार छळत नाहीत. फोटोसिंथेसिस किंवा थर्मामीटर सारख्या शब्दाला एकच अर्थ, एकदा बघितला की विषय संपला. छळतात ते रन, सेट, टेक, गेट, चार्ज, पॉइंट, केस असले शब्द, जे आपल्याला शाळेपासून येतात, निदान येतात असं वाटतं. आणि येतात असं वाटतं म्हणूनच आपण डिक्शनरी उघडत नाही, डोक्यात आधीच बसलेला अर्थ घेऊन पुढे सरकतो आणि चार ओळींनंतर काहीच लागेनासं होतं.

हा पसारा किती मोठा आहे ते आधी बघा. ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीची दुसरी आवृत्ती १९८९ मध्ये आली, त्यात 'सेट' या क्रियापदाचे साधारण ४३० अर्थ होते आणि सगळ्यात लांब नोंद त्याचीच होती. पुढे नव्या आवृत्तीसाठी 'रन' वर काम झालं तेव्हा नुसत्या क्रियापदाचेच ६४५ अर्थ निघाले, पीटर गिलिव्हर या संपादकांचे त्या एका शब्दात नऊ महिने गेले. हे आकडे बघून घाबरू नका, कारण यातले बरेचसे अर्थ जुने किंवा एखाद्या धंद्यापुरतेच आहेत, रोजच्या वाचनात एका शब्दाचे आठ-दहा अर्थ आले तरी डोक्यावरून पाणी. दुसरं म्हणजे जॉर्ज झिफ या अमेरिकन अभ्यासकाने १९४० च्या दशकातच दाखवून दिलं होतं की शब्द जितका जास्त वापरात तितके त्याचे अर्थ जास्त. म्हणजे हे संकट छोट्या आणि नेहमीच्या शब्दांवरच येणार, त्याला इलाज नाही.

आणि हे आपल्याला काही नवीन नाही हो. आपलं 'लागणे' घ्या. भूक लागते, आग लागते, वेळ लागतो, ठेच लागते, झोप लागते, नंबर लागतो, निकाल लागतो, नोकरी लागते, वेड लागतं, नातं लागतं, दूध खाली लागतं, आणि 'त्याला लागलं' म्हटलं की जखम झाली का मनाला लागलं ते पुढचं वाक्य ऐकून कळतं. यातलं काहीही आपण पाठ केलेलं नाही, आपण आजूबाजूचे शब्द बघून अर्थ लावतो. इंग्रजीत नेमकं तेच करायचं आहे, फक्त तिथे सुरुवातीला मुद्दाम करावं लागतं, मग सवय होते.

पहिली पायरी: शब्द वाक्यात कोणतं काम करतोय ते बघा

अर्थाचा विचार नंतर, आधी तो शब्द नाम आहे का क्रियापद का विशेषण एवढंच ठरवा. इंग्रजीत नामाचं क्रियापद करायला काहीच लागत नाही, प्रत्यय नाही, रूप बदलत नाही, शब्द उचलायचा आणि क्रियापदाच्या जागी ठेवायचा. 'बुक' म्हणजे पुस्तक पण 'बुक अ सीट' म्हणजे जागा राखून ठेवणे, 'चेअर' म्हणजे खुर्ची पण 'शी चेअर्ड द मीटिंग' म्हणजे ती सभेची अध्यक्ष होती, 'ॲड्रेस' म्हणजे पत्ता पण 'ॲड्रेस द प्रॉब्लेम' म्हणजे त्या प्रश्नाला हात घालणे. 'द ओल्ड मॅन द बोट' हे वाक्य भाषा शिकणाऱ्यांमध्ये प्रसिद्ध आहे. पहिल्यांदा वाचलं की म्हातारा माणूस आणि होडी दिसते आणि वाक्य अर्धवट सोडल्यासारखं वाटतं, कारण क्रियापदच सापडत नाही. पण क्रियापद तिथेच आहे, 'मॅन' हेच क्रियापद, म्हणजे एखाद्या ठिकाणी माणूसबळ पुरवणे किंवा तिथलं काम सांभाळणे, आणि 'द ओल्ड' म्हणजे म्हातारी मंडळी. म्हणजे होडी सांभाळायला म्हातारी मंडळी आहेत, बस.

म्हणून वाक्य अडलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा, यात क्रियापद कुठलं? निम्मी गाडी इथेच रुळावर येते.

दुसरी पायरी: नामाच्या आधी 'अ' आहे का, शेवटी 'एस' आहे का

ही गोष्ट फार कमी जण बघतात, म्हणून मुद्दाम वेगळी लिहितोय. एकच नाम मोजता येणारं म्हणून आलं की एक अर्थ आणि न मोजता येणारं म्हणून आलं की दुसरा. नुसतं 'पेपर' म्हणजे कागद, 'अ पेपर' म्हणजे वर्तमानपत्र किंवा शोधनिबंध. नुसतं 'आयर्न' म्हणजे लोखंड, 'ॲन आयर्न' म्हणजे इस्त्री. 'ग्लास' काच, 'अ ग्लास' पेला, 'ग्लासेस' चष्मा. 'वर्क' काम, 'अ वर्क ऑफ आर्ट' कलाकृती, आणि 'स्टील वर्क्स' म्हणजे कारखाना. 'देअर इज अ रूम' म्हणजे खोली आहे पण 'देअर इज रूम' म्हणजे जागा आहे, आणखी एक जण बसू शकतो. आपल्या भाषेत 'अ' आणि 'द' ची भानगडच नाही त्यामुळे आपली नजर त्यावरून घसरते, तेवढी नजर तयार करा. शिकणाऱ्यांसाठीच्या डिक्शनरीत नामाच्या प्रत्येक अर्थापुढे मोजता येतं का येत नाही याची खूण असते, ती शोभेला नाहीये.

तिसरी पायरी: शेजारी बघा

जॉन रूपर्ट फर्थ या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये मांडलेला मुद्दा आजही भाषेच्या अभ्यासात पाया म्हणून धरला जातो, की शब्दाची ओळख त्याच्या सोबत्यांवरून होते. प्रत्यक्षात याचा उपयोग कसा करायचा तर तीन शेजारी बघायचे: कर्ता कोण, कर्म काय, आणि मागे कुठलं छोटं अव्यय लागलंय, म्हणजे फॉर, विथ, ॲट, ऑन वगैरे.

'चार्ज' घेऊन नीट बघू. कर्म फोन किंवा बॅटरी असेल तर वीज भरणे. कर्म माणूस असेल आणि मागे 'विथ' येऊन गुन्ह्याचं नाव आलं, 'चार्ज्ड विथ थेफ्ट', तर आरोप ठेवणे. मागे 'फॉर' येऊन सेवा किंवा वस्तू आली तर पैसे आकारणे. मागे 'ॲट' आलं आणि कर्ता बैल किंवा सैन्य असेल तर अंगावर धावून जाणे. 'इन चार्ज ऑफ' म्हणजे जबाबदारी सांभाळणारा. आता गंमत बघा, हा शब्द लॅटिनमधल्या गाडी या अर्थाच्या शब्दावरून आलाय, मूळ अर्थ गाडीवर माल लादणे, भार टाकणे. आणि मराठीत शास्त्रातल्या चार्जला आपण विद्युतभार म्हणतो, ऑफिसातल्या चार्जला कार्यभार किंवा पदभार म्हणतो, तोच भार! आरोप म्हणजे माणसावर टाकलेला भार, बिल म्हणजे पैशाचा भार. एवढं एकदा दिसलं की पाच अर्थ पाठ करायची गरज उरत नाही. धावून जाण्याचा अर्थ तेवढा वेगळा ध्यानात ठेवा, तो या भारात सहज बसत नाही.

कधी कधी शेजारी पण पुरत नाहीत आणि प्रसंगच बघावा लागतो. 'आय विल पास' हे वाक्य परीक्षेबद्दल बोलताना आलं तर मी पास होईन, आणि कोणी काही देऊ केल्यावर आलं तर मला नको, मी हे सोडून देतो. 'आय ॲम फाईन' पण तसंच, तब्येत विचारली असेल तर बरा आहे आणि आणखी वाढू का विचारलं असेल तर नको, पुरे. दोन्ही ठिकाणी वाक्यात एक अक्षर बदललेलं नाही.

चौथी पायरी: मधलं चित्र शोधा

माझ्या मते सगळ्यात जास्त फळ इथेच मिळतं. बहुतेक छोट्या शब्दांच्या मधोमध एक चित्र असतं आणि बाकीचे अर्थ त्याच्या भोवती पसरलेले असतात. ते चित्र सापडलं की कधीच न बघितलेला अर्थसुद्धा अंदाजाने लागतो.

'रन' चं चित्र पळणे असं धरलं तर लवकरच अडतं, कारण रस्ता काय पळतो? त्यापेक्षा 'न अडता पुढे जात राहणे' हे चित्र धरा. माणूस रन करतो, ठीक. नळ रन करतो म्हणजे पाणी वाहतंय, नाक रन करतं म्हणजे सर्दी. कपड्याचा रंग रन होतो म्हणजे धुताना पसरतो. रस्ता नदीच्या कडेने रन करतो म्हणजे तिथून जातो. बस दर तासाला रन करते म्हणजे सुटते, मशीन रन करतं म्हणजे चालू आहे, नाटक वर्षभर रन करतं म्हणजे प्रयोग सुरू आहेत. आता याला कर्म जोडा, म्हणजे दुसऱ्याला न अडता चालू ठेवणे: 'शी रन्स अ कंपनी' म्हणजे ती कंपनी चालवते, 'रन अ प्रोग्राम', 'रन अ टेस्ट'. पेपरने बातमी रन केली म्हणजे छापली. 'रन अ टेंपरेचर' म्हणजे अंगात ताप आहे. 'रन ऑन द बँक' म्हणजे पैसे काढायला सगळे खातेदार एकदम तुटून पडले. आपल्याकडे 'चालणे' जवळपास अशीच कामं करतं, घड्याळ चालतं, दुकान चालतं, कोर्टात खटला चालतो, मग ताळा लागायला वेळ लागत नाही.

'ब्रेक' चं चित्र म्हणजे सलग असलेलं तुटणे, त्यातून काच फुटते, वचन मोडतं, कायदा मोडतो, कामात सुट्टी होते, पहाट फुटते म्हणजे 'डे ब्रेक्स', बातमी फुटते, विक्रम मोडतो. 'होल्ड' म्हणजे धरून ठेवणे, त्यातून सभा भरवणे, मत बाळगणे, पद धारण करणे, फोनवर थांबणे. 'पॉइंट' म्हणजे टोक किंवा ठिपका, त्यातून मुद्दा, गुण, ठिकाण, क्षण. ही चित्रं तुमची तुम्ही शोधलेली असली तर जास्त टिकतात, दुसऱ्याने दिलेली विसरायला होतात.

एक सावधगिरी. काही वेळा मधलं चित्र नसतंच, कारण ते दोन वेगळे शब्द असतात आणि स्पेलिंग योगायोगाने सारखं झालेलं असतं. खेळातली बॅट आणि वटवाघूळ या अर्थाची बॅट यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, तसंच 'बेअर' म्हणजे अस्वल आणि 'बेअर' म्हणजे सहन करणे. तिथे संबंध शोधत बसू नका, दोन वेगळे शब्द म्हणूनच शिका. उलट फाईन म्हणजे छान आणि फाईन म्हणजे दंड हे कुठेच जुळत नाहीत असं वाटतं, पण दोन्ही शेवट या अर्थाच्या एकाच लॅटिन शब्दावरून आलेत, एकात शेवटाला नेलेलं म्हणजे उत्तम आणि दुसऱ्यात वाद संपवायला भरलेली रक्कम.

पाचवी पायरी: क्रियापदामागे अप, ऑफ, आऊट लागलं की नवा शब्द समजा

'टेक' आणि 'ऑफ' चे अर्थ माहीत असून 'टेक ऑफ' कळत नाही. विमान टेक ऑफ घेतं, माणूस कोट टेक ऑफ करतो, सुट्टी टेक ऑफ करतो, आणि एखादी कल्पना टेक ऑफ होते म्हणजे एकदम चालायला लागते. 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणे, त्यात पुट आणि अप शोधून काही हाती लागत नाही. 'रन आऊट ऑफ' म्हणजे संपणे, 'रन इनटू' म्हणजे अचानक भेटणे किंवा धडकणे. एवढा आधार मात्र घेता येतो की 'अप' बऱ्याचदा पूर्ण संपवल्याचा भाव आणतो, जसं 'ईट अप' म्हणजे खाऊन टाक आणि 'यूज अप' म्हणजे वापरून टाक, आपलं 'टाकणे' अगदी हेच करतं. याच्या पलीकडे नियम शोधू नका, अख्खी जोडी एक शब्द म्हणून वहीत उतरवा.

सहावी पायरी: उच्चारावरून फरक पकडा

ही ऐकणाऱ्यांच्या आणि बोलणाऱ्यांच्या कामाची. स्पेलिंग तेच पण लीड म्हणजे पुढे नेणे आणि लेड म्हणजे शिसं हा धातू, टिअर म्हणजे अश्रू आणि टेअर म्हणजे फाडणे, विंड म्हणजे वारा आणि वाइंड म्हणजे गुंडाळणे, मिनिट म्हणजे वेळ आणि मायन्यूट म्हणजे अगदी बारीक. देवनागरीत हे वेगळे दिसतात म्हणून सोपे वाटतात, इंग्रजी लिपीत समोर आले की डोळा फसतो. आणि रेकॉर्ड, ऑब्जेक्ट, प्रेझेंट, परमिट अशा दोन अक्षरी शब्दांत (इथे अक्षर म्हणजे उच्चारातला एक तुकडा, जसं रे-कॉर्ड) जोर सरकतो, नाम असेल तर पहिल्या अक्षरावर आणि क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. पहिल्या अक्षरावर जोर दिलेला ऑब्जेक्ट म्हणजे वस्तू, दुसऱ्यावर दिला की हरकत घेणे.

सातवी पायरी: उलटे अर्थ आणि आपल्याच बोलण्यातले सापळे

काही शब्द स्वतःच्याच विरुद्ध अर्थाने येतात. लोन सँक्शन झालं हे आपण रोज ऐकतो त्यामुळे सँक्शन म्हणजे मंजुरी हे डोक्यात पक्कं, आणि मग आंतरराष्ट्रीय बातमीत 'सँक्शन्स' वाचून देशाला कसली मंजुरी मिळाली असं वाटतं, तिथे तर निर्बंध लादलेले असतात. खूण सोपी आहे, अनेकवचन आणि मागे 'ऑन' किंवा 'अगेन्स्ट' असेल तर निर्बंध. 'ओव्हरसाइट' म्हणजे देखरेख पण 'ॲन ओव्हरसाइट' म्हणजे नजरचूक, बघा इथे पण तो छोटा 'अ' कामाला आला. 'डस्ट' म्हणजे धूळ झटकणे आणि पावडर भुरभुरवणे सुद्धा, 'स्क्रीन' म्हणजे दाखवणे आणि झाकणे सुद्धा.

'टेबल' तर देशाप्रमाणे उलटतं. ब्रिटनमध्ये प्रस्ताव टेबल करणे म्हणजे चर्चेला घेणे, अमेरिकेत म्हणजे बाजूला ठेवणे. दुसऱ्या महायुद्धात दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांचा यावरून बैठकीत चांगलाच लांबलचक वाद झाला आणि नंतर कळलं की दोघांना एकच गोष्ट हवी होती, हे विन्स्टन चर्चिल यांनी स्वतः लिहून ठेवलंय. म्हणून मजकूर कुठल्या देशातला आहे ते बघायची सवय ठेवा. 'फर्स्ट फ्लोअर' ब्रिटनमध्ये पहिला मजला आणि अमेरिकेत तळमजला, निवडणुकीला ब्रिटनमध्ये 'स्टँड' करतात आणि अमेरिकेत 'रन'.

आणि मराठीत आलेल्या इंग्रजी शब्दांपासून जपा. लाईट म्हटलं की आपल्याला वीज आठवते, पण इंग्रजीत हलकं, फिकट आणि पेटवणे पण असतं. कॉपी म्हटलं की परीक्षा आठवते, पण 'अ कॉपी ऑफ द बुक' म्हणजे पुस्तकाची प्रत आणि जाहिरातीच्या धंद्यात कॉपी म्हणजे मजकूर. हे शब्द आपल्याकडे येताना एखादाच अर्थ घेऊन आले, बाकीचे अर्थ तिकडेच राहिले.

विषय बदलला की अर्थ बदलतो हे पण इथेच सांगतो. कायद्याच्या कागदात 'कन्सिडरेशन' म्हणजे विचार नाही तर मोबदला, 'इन्स्ट्रुमेंट' म्हणजे दस्तऐवज, 'एक्झिक्यूट' म्हणजे रीतसर सही करून करार पुरा करणे. संख्याशास्त्रात 'सिग्निफिकंट' म्हणजे महत्त्वाचं नाही तर फक्त योगायोगाने आलं असावं असं वाटण्याइतकं किरकोळ नसलेलं. वैद्यकीय रिपोर्टमधलं 'पॉझिटिव्ह' चांगलंच असतं असं नाही. करार वाचताना तर प्रत्येक सोप्या शब्दाकडे संशयाने बघा, तिथे चूक महागात पडते.

आता एक वाक्य पूर्ण सोडवू: 'द कोर्ट फाउंड दॅट द पार्टी हॅड फेल्ड टू मीट द टर्म्स ऑफ द ऑर्डर'. सातवीतल्या मुलाला यातला प्रत्येक शब्द येतो. तरी ओळखीचे अर्थ लावले तर कोर्टाला सापडलं की पार्टी ऑर्डरच्या टर्म्सना भेटण्यात नापास झाली असं काहीतरी होतं. शेजारी बघा. 'फाउंड' च्या मागे वस्तू नाही, 'दॅट' आहे, म्हणजे सापडणे नाही तर निष्कर्षाला येणे. कोर्ट आहे म्हणजे 'पार्टी' हा पक्षकार. 'फेल्ड' च्या मागे 'टू' आणि क्रियापद, म्हणजे नापास नाही तर केलं नाही. 'मीट' चं कर्म माणूस नाही, 'टर्म्स' आहे, म्हणजे पूर्ण करणे. 'टर्म्स' अनेकवचनात आणि हुकुमाच्या संदर्भात, म्हणजे अटी. पक्षकाराने आदेशातल्या अटी पाळल्या नाहीत असं कोर्टाने ठरवलं. डिक्शनरी एकदाही उघडावी लागली नाही.

आठवी पायरी: डिक्शनरी कुठली आणि कशी बघायची

पहिला अर्थ वाचून बंद करू नका, आणि पहिला अर्थ पहिला का आहे हे जाणून घ्या. मेरियम-वेबस्टरच्या कॉलेजिएट डिक्शनरीत अर्थ कालक्रमाने लावतात, सगळ्यात जुना आधी, त्यामुळे वर दिसणारा अर्थ आजच्या वापरातला असेलच असं नाही. शिकणाऱ्यांसाठीच्या लाँगमन आणि कॉलिन्स कोबिल्ड या डिक्शनऱ्यांत नेहमीचा अर्थ वर असतो. १९७८ च्या लाँगमनने सगळे अर्थ साधारण २००० सोप्या शब्दांत समजावले, आणि १९८७ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या जॉन सिंक्लेअर यांच्या प्रकल्पातून आलेल्या कोबिल्डने अर्थ पूर्ण वाक्यात द्यायला सुरुवात केली, त्यामुळे शेजारी शब्द कुठले लागतात ते अर्थ वाचतानाच दिसतं. माझं मत विचाराल तर अनेक अर्थांच्या शब्दासाठी कोबिल्डच उघडा. आणि मोबाईलवर भाषांतर करत असाल तर सुटा शब्द टाकू नका, पूर्ण वाक्य टाका, सुट्या शब्दाला मशीन तरी कुठला अर्थ देणार.

नववी पायरी: वहीत कसं लिहायचं

शब्द, बरोबरचं चिन्ह, सात मराठी अर्थ, ही पद्धत सोडून द्या, सातही अर्थ एकमेकांत मिसळतात आणि ऐनवेळी एकही आठवत नाही. एका वेळी एकच अर्थ लिहा, तोही ज्या वाक्यात तो भेटला त्या वाक्यासकट, खाली अख्ख्या वाक्याचं मराठी. दुसरा अर्थ खरोखर वाचनात येईल तेव्हाच त्याच पानावर खाली चढवा. पानाच्या डोक्यावर मधलं चित्र एका ओळीत लिहा आणि नवा अर्थ आला की ते अजून बसतंय का बघा, नाही बसलं तर खोडून सुधारा. दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने मराठी ओळ झाकून वाक्य वाचा. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच दाखवलं होतं की पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरतं आणि मग वेग कमी होतो, म्हणून पहिली उजळणी लवकर हवी.

सुरुवात 'गेट' पासून करा, कारण तो पावलोपावली येतो. चित्र असं धरा: आधी नव्हतं ते आता झालं. वस्तू आली तर मिळणे, 'गेट अ लेटर'. विशेषण आलं तर होणे, 'गेट टायर्ड'. ठिकाण आलं तर पोचणे, 'गेट टू द स्टेशन'. विनोद किंवा मुद्दा आला तर समजणे, 'आय डोन्ट गेट इट'. माणूस आणि मग 'टू' आलं तर करायला लावणे, 'गेट हिम टू साइन'. मग टेक, सेट, टर्न, कीप, आणि नामांमध्ये केस, ऑर्डर, लाईन, मॅटर. आठवड्याला एक शब्द पुरे, आणि त्या आठवड्यात जे काही इंग्रजी वाचाल त्यात तो शब्द जिथे जिथे येईल तिथे थांबून कर्ता, कर्म आणि मागचं अव्यय एवढं तीन बघून पुढे जा.